मदत हवी आहे: प्राण्यांचं वर्तन शिकायचंय, प्रोजेक्टला मोर घेऊ की घरच्या म्हशी?

शनिवारपेठ_झूलॉजी:

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात बीएस्सी झूलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढं मला ॲनिमल बिहेवियरच करायचंय हे पक्कं आहे, पण ते कुठं शिकतात, कसं शिकतात हे विचारायला इथं माणूसच सापडेना. कॉलेजात विचारलं की बीएड कर म्हणतात, घरी विचारलं की आधी डॉक्टरकीला का नाही गेलीस म्हणतात (जनावरांच्या), आणि मैत्रिणी म्हणतात एमएलटी कर, लॅबमध्ये लगेच चिकटशील.

आत्ताची अडचण प्रोजेक्टची आहे. या सेमिस्टरला छोटा संशोधन प्रोजेक्ट करायचाय आणि गाइड म्हणतायत विद्यापीठाच्या कॅम्पसवरचे मोर घे, फोटो झकास येतात, व्हायवाला छाप पडते. मोर आहेतच तिथं, सकाळी गेलं की दिसतात पण, पण नुसतं "मोर दिसला, मोराने पिसारा फुलवला" असं लिहून काय संशोधन होणार ते मला कळत नाही.

माझ्या डोक्यात वेगळंच आहे. आमचा गोठा आहे, पंढरपुरी म्हशी, आणि त्यातली चंद्रा नावाची म्हैस पप्पा धारेला बसले तर लगेच पान्हा सोडते, दादा बसला की चोरते. म्हणजे सड ओढून ओढून दादाचे हात दुखतात, ती आपली आंबोण खात उभी, आणि पप्पा नुसते गोठ्याच्या दारात खोकले तरी कास भरून येते. हे मी लहानपणापासून बघतेय. दुसरं म्हणजे इथल्या गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर हॉर्न, गाड्या, माणसांचा गलका, तरी म्हैस निवांत उभी राहून धारोष्ण दूध देते, आणि आमची चंद्रा दादाला घाबरते? हे असं का, याचा प्रोजेक्ट होतो का? का हे घरगुती म्हणून हसतील? पप्पा तर म्हणाले म्हशी बघायला कॉलेजची फी कशाला भरली मग.

कृपया "गुगल कर" म्हणू नका, केलंय.

गवारेडा:

म्हशींचाच कर, डोळे झाकून. मोर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या शेड्यूल १ मधला पक्षी आहे, लांबून दुर्बिणीने बघायला कोणी अडवणार नाही पण त्याला पकडणं, खुणेचा रंग लावणं, घरट्याशी खेळणं हे काही करता येणार नाही, मग कुठला मोर कुठला हेच ओळखू येणार नाही. तू काल बघितलेला आणि आज बघितलेला एकच की दोन, सांग? तुझ्या म्हशी तुला नावानिशी माहीत आहेत. वर्तनाच्या अभ्यासात अर्धी लढाई तिथंच जिंकलीस. आणि राधानगरी-दाजीपूरला जाऊन गवे बघतो वगैरे कोणी सुचवलं तर अभयारण्यात संशोधनाला वनखात्याची परवानगी लागते आणि ती येईपर्यंत तुझं सेमिस्टर संपलेलं असेल.

बाकी मोरावर करण्यासारखं काही नाही असं समजू नकोस. १९९१ साली मॅरियन पेट्री आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की पिसाऱ्यावर डोळे जास्त असलेल्या मोराला लांडोरी जास्त पसंत करतात, आणि २००८ मध्ये जपानमधल्या एका गटाने बरीच वर्षं मोर बघून सांगितलं की आम्हाला तर तसं काही दिसत नाही. भांडण अजून रंगतंय. पण ते एका सेमिस्टरचं काम नाही.

बंगलोरात_कोल्हापूरकर:

ताई, मी या क्षेत्रात पीएचडी करतोय म्हणून जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर सोडून दे.

"घरगुती" म्हणून हसणाऱ्यांना सांग की राघवेंद्र गडगकरांनी बंगलोरला आयआयएस्सीत, म्हणजे भारतीय विज्ञान संस्थेत बसून कागदी घर करणाऱ्या गांधीलमाशीवर, रोपॅलिडिया मार्जिनाटा तिचं नाव, आयुष्यभर काम केलं. माश्यांच्या अंगावर रंगाचे ठिपके द्यायचे आणि पोळ्यासमोर वही घेऊन बसायचं. कोलकात्याच्या आयसर या विज्ञानसंस्थेत अनिंदिता भद्रांची लॅब रस्त्यावरच्या कुत्र्यांवर काम करते, माणसाने बोट दाखवलं तर भटकं कुत्रं त्या बाजूच्या वाडग्याकडे जातं का असले प्रयोग, रस्त्यावर उभं राहून. दोन वाडगी आणि एक व्हिडिओ कॅमेरा. तेव्हा म्हैस चालतेच.

आता प्रश्न नीट घाल. टिनबर्गन या वर्तनशास्त्रज्ञांनी १९६३ च्या लेखात सांगितलंय की एकाच वर्तनाला चार तऱ्हांनी "का" विचारता येतं. चंद्राचंच घे, पान्हा सुटताना शरीरात काय घडतं हा एक प्रश्न, पप्पांचा खोकला आणि दूध यांची सांगड तिच्या आयुष्यात कधी बसली हा दुसरा, पान्हा रोखून धरण्याचा जनावराला उपयोग काय हा तिसरा, आणि तिच्या रानटी पूर्वजांपासून हे कसं आलं हा चौथा. चारही तुला एका सेमिस्टरला झेपणार नाहीत, दुसरा घे. बरं, "चंद्रा दादाला घाबरते" असं वहीत लिहू नकोस हां. घाबरते हे तू ठरवलंस. तिने पाय झाडला, शेपूट मारली, रवंथ थांबवलं, हे लिही. आधी काही दिवस नुसतं बघ आणि काय काय करते त्याची यादी कर, प्रत्येक हालचालीची व्याख्या अशी की तुझ्या आईनेही वाचून तीच खूण केली पाहिजे. याला इथोग्राम म्हणतात आणि ८० टक्के प्रोजेक्ट इथंच फसतात (टक्केवारी माझी, संतापातून आलेली).

शनिवारपेठ_झूलॉजी:

बापरे, एवढं कोणी लिहील वाटलं नव्हतं, लय आभार दादा. पण मग मोजायचं काय? लिटर? आणि व्हिडिओ काढला तर चालेल का, कारण धारेच्या वेळी मी वही घेऊन बसले की पप्पा म्हणतात बादली धर.

गोठ्याचा_डॉक्टर:

मी व्हेट आहे, करवीर तालुक्यातच फिरत असतो, म्हणून बोलतो. पान्ह्याचं यंत्र समजून घे म्हणजे काय मोजायचं ते आपोआप कळेल. रेडकू ढुसण्या देतं, कास धुतली जाते, आंबोणाची पाटी वाजते, ओळखीचा आवाज येतो, हे मेंदूला पोचलं की मेंदूखालच्या पिट्यूटरी ग्रंथीतून ऑक्सिटोसिन हे हार्मोन सुटतं, ते रक्तातून कासेत येतं आणि दूध तयार करणाऱ्या पेशींभोवतीचे तंतू आवळले जातात, मग दूध खाली उतरतं. म्हशीचं बहुतेक सगळं दूध वर बारीक पिशव्यांत असतं, गाईसारखा खालच्या टाकीत फारसा साठा नसतो, म्हणून गाईच्या पहिल्या चार धारा तरी कोणालाही मिळतात, म्हैस पान्हावली नाही तर हात हलवत परत. जनावर बिथरलं की ॲड्रिनॅलिन आडवं येतं. गंगावेशीतल्या म्हशींना तो गलका रोजचा आहे, त्यात त्यांचं काही वाईट होत नाही हे त्या शिकल्यात, आणि धारेला माणूस ओळखीचाच असतो. गर्दी बदलून चालते, धारेला बसणारा हात बदलून चालत नाही असं बऱ्याच गोठ्यांत दिसतं.

तेव्हा लिटर मोज पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे सडाला पहिला हात लागल्यापासून पहिली सलग धार पडेपर्यंतचा वेळ मोज, मोबाइलचं स्टॉपवॉच पुरे.

दोन गोष्टी मात्र कटाक्षाने पाळ. दादाच्या पाळीला तिने दूध चोरलं तर तसंच सोडायचं नाही, नंतर पप्पांनी बसून कास मोकळी करायची, नाहीतर दगडी (कासेची सूज) होईल आणि तुझ्या प्रोजेक्टपायी सड जाईल. आणि कोणी "ऑक्सिटोसिन टोचून तुलना कर" असं डोकं लढवलं तर ऐकू नकोस, त्या इंजेक्शनचा धंदा आधीच फार झालाय.

वास्तववादी:

सगळं छान, पण नोकरीचं कोणी बोलतच नाहीये. पोरीला स्वप्नं दाखवताय. वर्तनाची एमएस्सी करून कोल्हापुरात काय करणार, म्हशींचं समुपदेशन?

बंगलोरात_कोल्हापूरकर:

हसलो, पण प्रश्न रास्त आहे. सरळ सांगतो, कोल्हापुरात बसून या विषयाची नोकरी अवघड आहे आणि बाहेरही जागा थोड्याच. पण रस्ता असा जातो. "ॲनिमल बिहेवियर" एवढ्याच नावाची एमएस्सी शोधत वेळ घालवू नकोस. शिवाजी विद्यापीठातली एमएस्सी झूलॉजी धर किंवा पुण्यात गरवारे कॉलेजची बायोडायव्हर्सिटी, बंगलोरला एनसीबीएस या संशोधनसंस्थेची वाइल्डलाइफ बायॉलॉजी अँड कॉन्झर्वेशन, डेहराडूनला वाइल्डलाइफ इन्स्टिट्यूटची एमएस्सी. शेवटच्या दोन्हीकडे जागा फार कमी, जाहिरातीवर डोळा ठेव. खरा वर्तनाचा अभ्यास पीएचडीत सुरू होतो, त्यासाठी गेट या प्रवेश परीक्षेत इकॉलॉजी अँड इव्होल्यूशन हा पेपर आहे आणि त्यात बिहेवियरल इकॉलॉजी हा स्वतंत्र भाग आहे, सीएसआयआर नेट परीक्षेच्या लाइफ सायन्सेसमध्येही उत्क्रांती आणि वर्तन असं एक युनिट आहे जे बहुतेक क्लासवाले शेवटच्या आठवड्यात उरकतात. आणि नेट झालीच तर वास्तववादींच्या समाधानासाठी सांगतो, प्राध्यापकाच्या जागेलाही ती चालते. गणिताचा कंटाळा असेल तर आत्ताच सांग, कारण या विषयात जंगल कमी आणि स्टॅटिस्टिक्स जास्त आहे.

गोठ्याचा_डॉक्टर:

व्हेटरिनरीचं राहिलं. आता त्या वाटेला जायचं तर नीट ही प्रवेश परीक्षा द्यावी लागेल, शिरवळचं कॉलेज आपल्याला जवळचं, पण इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं जातात आणि त्यात वर्तन हा विषय चिमूटभर येतो. आजार बरे करायची आवड असेल तरच जा. घरच्यांच्या समाधानासाठी नको.

शनिवारपेठ_झूलॉजी:

गणिताचा कंटाळा नाही, भीती आहे, ती वेगळी. मी काल ठरवलं की सहा म्हशी दुभत्या आहेत, रोज दोन वेळा धार, महिनाभर केलं तर ३६० आकडे होतात म्हणजे सॅम्पल साइज ३६०, बरोबर ना? गाइड खूश होतील.

बंगलोरात_कोल्हापूरकर:

नाही नाही नाही. म्हशी सहाच आहेत! एकाच चंद्राला साठ वेळा मोजलं म्हणून साठ म्हशी होत नाहीत, तिचा स्वभाव साठही वेळा तोच. हर्लबर्ट नावाच्या शास्त्रज्ञाने १९८४ मध्ये याला सूडोरेप्लिकेशन असं नाव दिलं आणि परीक्षक जर जाणकार निघाला तर पहिला हाच प्रश्न येईल. प्रत्येक म्हशीची पप्पांची सरासरी आणि दादाची सरासरी काढ, म्हणजे सहा जोड्या मिळतील, त्यांची तुलना कर. सहा कमी आहेत, म्हणून शेजारच्या गोठ्यात विचार, शनिवार पेठेत गोठ्यांना काय तोटा. आर नावाचं स्टॅटिस्टिक्सचं सॉफ्टवेअर फुकट आहे, पुढं मिक्स्ड मॉडेल (एकाच जनावराची अनेक मापं हिशेबात धरणारी पद्धत) शिकशील तेव्हा ३६० आकडेही कामी येतील, फेकू नकोस.

आणि सकाळी नेहमी पप्पा, संध्याकाळी नेहमी दादा असं अजिबात करू नकोस, मग फरक माणसाचा की वेळेचा कळणार नाही. नाणं उडवून ठरव कोण बसणार. म्हैस व्यालेली कधी, रेडकू जिवंत आहे का, आंबोण तेवढंच दिलं का, हे रकाने आधीच आख.

गवारेडा:

व्हिडिओबद्दल राहिलं. मोबाइल खांबाला बांध, फ्रेममध्ये फक्त म्हशीचे पाय, कास आणि शेपूट घे, बसलेल्याचा चेहरा नको, आवाज बंद करून बघ. बोरिस नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, व्हिडिओ चालवत बटणं दाबत गेलं की कुठल्या सेकंदाला पाय झाडला, किती वेळ रवंथ केलं याची यादी तयार होते. त्यातले थोडे व्हिडिओ मैत्रिणीला दे, तिनेही तोच इथोग्राम घेऊन खुणा करायच्या, पण धारेला कोण बसलंय हे तिला सांगायचं नाही. दोघींचं किती जुळतं ते कोहेनचा कॅप्पा नावाच्या आकड्याने काढ. तुला उत्तर आधीच "माहीत" आहे ना, म्हणून हे लागतं.

गंगावेशकर:

मी यातलं काही शिकलेलो नाही, आमचा पिढीजात दुधाचा धंदा. दिवाळी पाडव्याला सगरीला, म्हंजे म्हशींच्या मिरवणुकीला, म्हशी नटवून काढतो तेव्हा मालक मोटरसायकलवर पुढं आणि म्हैस मागनं पळते, गर्दीत शंभर गाड्यांचा आवाज असतोय पण ती आपल्या मालकाच्या हाकेवरच येती. ते पण प्रोजेक्टला घ्या की. माझ्या गोठ्यात या, चार म्हशी धारेला हैत, पण पहाटे पाचला यायला लागंल.

शनिवारपेठ_झूलॉजी:

काका, येते! पाचला काय चारला उठते. हाकेचं डोक्यात बसलं माझ्या. पप्पांचा आवाज रेकॉर्ड करून, दादा धारेला बसल्यावर लावला तर? खोकला पण.

बंगलोरात_कोल्हापूरकर:

याला प्लेबॅक एक्सपेरिमेंट म्हणतात आणि हे तुझ्या मूळ प्रश्नापेक्षा भारी आहे, कारण हात दादाचाच राहतो आणि बदलतो फक्त आवाज. पण पप्पांचं एकच रेकॉर्डिंग वापरू नकोस, वेगवेगळ्या दिवशीच्या पाच-सहा हाका घे, अनोळखी माणसाच्याही तेवढ्याच, लांबी आणि मोठेपणा सारखा ठेव, आणि काही वेळा स्पीकर ठेव पण वाजवूच नकोस, नाहीतर ती स्पीकरच्या डब्यालाच बुजते की काय कळणार नाही. खोकल्याचं वेगळं ठेव, हाकेत मिसळू नकोस. पप्पांना त्या वेळी गोठ्याच्या पार लांब पाठव, वास आणि पावलं पण तिला कळतात.

गोठ्याचा_डॉक्टर:

आणि गंगावेशकर काकांच्या गोठ्यातून परत आपल्या गोठ्यात शिरताना चपला बदल, हातपाय धू. लाळ-खुरकताची लस दोन्हीकडे झालीय का तेही आधी विचार.

शनिवारपेठ_झूलॉजी:

आमच्याकडं झालीय, काकांना उद्या विचारते. गाइडना सोमवारी इथोग्राम आणि रकान्यांचा कागद दाखवते, मोरांवर अडून बसले तर इथंच येऊन रडेन. पप्पांना आवाज रेकॉर्ड करायचा म्हटलं तर त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि विचारलं, मग मला किती मार्क.