अनुभव धागा : धनुष्याने शिकार शिकताना हुकलेले बाण

रानवाट (पेनसिल्व्हेनिया)

ऑक्टोबर लागला की इथे अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्यापैकी काही जण धनुष्य घेऊन व्हाइटटेल हरणांच्या मागे रानात जातात. मिळालेल्या हरणाचा फोटो सगळे टाकतात, हुकलेल्या बाणाबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढत नाही. नव्या माणसाला खरी गरज असते ती त्याचीच. म्हणून हा धागा. हरिण किती लांब होतं, कसं उभं होतं, बाण कुठे गेला आणि पुढे तुम्ही काय बदललंत, एवढं मोकळेपणाने लिहा. कोणत्या कंपनीचं धनुष्य भारी, हा वाद इथे नको.

सुरुवात मी करते. उन्हाळाभर परसात २० यार्डांवर सराव केला होता, बाण बशीएवढ्या जागेत बसत होते. सीझनला झाडावर साधारण २० फुटांवर स्टँड, म्हणजे बसायची फळी, बांधला. संध्याकाळी एक मादी आली ती जवळजवळ माझ्या बुंध्याशीच. धनुष्य ओढलं, बाण सोडला, तो तिच्या पाठीवरून जाऊन मातीत रुतला.

उंचावरून मारताना अंतर धरायचं ते जमिनीवरचं, तिरकं नव्हे, हे शिकवलेलं होतं. पण इतक्या जवळ त्याने फार फरक पडत नाही. तो पडतो डोंगरउतारावर. माझी गडबड कमरेत होती. मी ताठ बसून नुसता हात खाली केला. त्यामुळे खांदा, हनुवटीजवळचा अँकर (ओढलेला हात टेकवायची ठरलेली जागा) आणि दोरीतला पीप (नेम बघायचं छोटं भोक) यांची जमिनीवर बसलेली घडी पार मोडली. आधी सरळ समोर नेम धरून ओढायचं आणि मग कमरेतून वाकायचं, हे त्यानंतर अंगात मुरवलं. सरावही आता स्टँडवरूनच करते. हार्नेस, म्हणजे झाडाला बांधून ठेवणारा सुरक्षा-पट्टा, मात्र पाय जमिनीवरून उचलल्यापासून परत टेकेपर्यंत अडकवलेला हवा, सरावातसुद्धा.

अजून एक. त्या कोनातून बाण लागला असता तरी बहुधा एकच फुप्फुस भेदलं असतं, आणि तसं हरिण खूप लांब जातं. त्यामुळे बुंध्याशी आलेल्या हरणाला मी आता जाऊ देते. ते चालत पंधरा-वीस यार्डांवर गेलं की मग बघायचं.

शेकोटी (विस्कॉन्सिन)

माझा बाण नेमका होता, पण पोहोचला तेव्हा हरिण तिथे नव्हतं.

३० यार्ड म्हणजे ९० फूट. माझा बाण सेकंदाला साधारण २८० फूट जातो, म्हणजे पोहोचायला त्याला सेकंदाचा तिसरा हिस्सा लागतो. दोरीचा आवाज त्याच्या चौपट वेगाने जातो. आवाज कानावर पडल्यापासून बाण येईपर्यंत हरणाला जवळजवळ पाव सेकंद मिळतो. तेवढ्यात ते पळत नाही, पण पळण्यासाठी पाय दुमडून खाली बसकण मारतं, आणि बाण वरून निघून जातो. मी आधी समजत होतो की मीच उंच मारला. मित्राने मोबाइलवर टिपलेला व्हिडिओ हळू करून पाहिला तेव्हा पाठ खाली जाताना स्पष्ट दिसली.

चालत्या हरणाला थांबवायला तोंडाने 'मेऽ' असा आवाज काढतात. मीही काढला होता, जरा मोठ्यानेच. ते थांबलं, पण मान ताठ, कान माझ्याकडे रोखलेले. असं सावध हरिण सगळ्यात जास्त खाली बसतं. आता कान सैल असतील, तोंड गवतात असेल तरच मारतो, आणि नेम छातीच्या खालच्या तिसऱ्या भागात धरतो. बसलंच नाही तर बाण हृदयाजवळ जातो, बसलं तर फुप्फुसात. ताठ मानेच्या हरणावर २० यार्डांपलीकडे बाण सोडत नाही.

थंडीवारा (मिशिगन)

माझं थोडक्यात. सप्टेंबरभर सराव टी-शर्टवर केला आणि नोव्हेंबरात जाड जाकीट चढवून स्टँडवर बसलो. सुटलेली दोरी बाहीला घासली आणि बाण भलतीकडेच गेला. आता मनगटापासून कोपरापर्यंत पट्टा बांधून बाही आवळून घेतो. सीझनआधी शिकारीच्या पूर्ण कपड्यांत, हातमोज्यांसकट सराव करतो. हातमोज्यात रिलीजचा (दोरी सोडायच्या हातातल्या साधनाचा) ट्रिगर अगदी वेगळा लागतो, तेही तेव्हाच कळलं.

अबोल (ओहायो)

लिहू की नको असं झालं होतं. माझा बाण हुकला नाही, चुकीच्या जागी लागला, आणि ते हुकण्याहून कितीतरी वाईट.

नर होता, २५ यार्डांवर, माझ्याकडे तिरकं तोंड करून उभा. तसं उभं असलेल्या हरणाचा खांदा पुढे येतो आणि छातीकडे जायची वाट अरुंद होते. बाण सुटला, 'थप' असा दबका आवाज आला, पाठीची कमान करून तो हळूहळू चालत झाडीत गेला. खाली उतरून बाण शोधला. पात्याच्या टोकाजवळ रक्त अगदी थोडं, बाकी काडीवर हिरवट-तपकिरी ओल, चिकटलेला चारा. नाकाशी नेला तर आंबूस घाण वास.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी : रक्त गुलाबी आणि फेसाळ असेल तर फुप्फुस, अर्ध्या तासाने माग काढायला हरकत नाही. गडद काळपट लाल असेल तर यकृत, चार तास तरी थांबावं. हिरवट आणि वास असेल तर आतडं, आठ ते बारा तास त्या बाजूला फिरकू नये. असं हरिण त्रास दिला नाही तर जवळच जाऊन बसतं आणि तिथेच संपतं. मागे लागलं की उठून मैलभर जातं, आणि रक्त जवळजवळ सांडतच नाही.

मला हे सगळं माहीत होतं. शिकारीच्या कोर्समध्ये शिकवतात. पण आभाळ भरून आलं होतं, पावसाने माग पुसला जाईल या भीतीने मी तासाभरात निघालो. ते बसलेलं होतं ते माझ्या पावलांनी उठलं. सकाळी गवतात दबलेली जागा सापडली, तिथे रक्ताचा डाग. शेजारच्या शेतकऱ्याची परवानगी घेऊन पट्ट्यातला माग काढणारा कुत्रा आणला. ओढ्यापर्यंत त्याने नेलं, तिथे माग तुटला. ते हरिण मला मिळालं नाही.

उरलेला सीझन धनुष्याला हात लावला नाही. त्यानंतर माझ्याकडे तोंड करून तिरक्या उभ्या असलेल्या हरणावर बाण सोडत नाही, मग ते कितीही जवळ असो. पूर्ण आडवं, किंवा किंचित पाठमोरं तिरकं, आणि पुढचा पाय पुढे टाकलेला. तसं होईपर्यंत धनुष्य खाली.

रानवाट

अबोल, हे लिहिलंत याबद्दल मनापासून आभार.

माहुलीकर (सातारा)

मी शिकारी नाही, कंपाउंडचा (चाकं लावलेल्या धनुष्याचा) निशाणेबाज आहे, पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखीच. आमच्या गावची अदिती स्वामी २०२३ मध्ये बर्लिनला सतराव्या वर्षी जगज्जेती झाली, आणि इथेच सराव केलेला नागपूरचा ओजस देवतळेही त्याच स्पर्धेत. तेव्हापासून इथे धनुष्य हाती घेणारी मुलं खूप वाढली आहेत, आणि त्यांच्यात एक दुखणं हमखास दिसतं. पिन (नेम धरायचा ठिपका) निशाणाच्या पिवळ्या मध्याजवळ आली रे आली की बोट ट्रिगर हिसकतं. पिन मध्यावर ठरूच देत नाही. यालाच टार्गेट पॅनिक म्हणतात. तुमच्याकडे हरिण बघून हात कापतात तेव्हा आतमध्ये हेच होत असावं.

उपाय कंटाळवाणा आहे, पण लागू पडतो. चार-पाच पावलांवर गवताची कोरी गादी, त्यावर कागद नाही, नेम नाही. डोळे मिटून ओढायचं, अँकर लावायचा, बोट ट्रिगरवर टेकवून ठेवायचं आणि पाठीचे स्नायू आवळत न्यायचे. बाण कधी सुटला हे आपल्यालाच नवल वाटलं पाहिजे. काही आठवडे हेच. मग जवळ मोठा कागद, मग हळूहळू लांब.

निंबोणी (पुणे)

वाचताना अंगावर काटा आला. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली शिकार बंदच आहे, त्यामुळे एक विचारते : इतका त्रास होणार असेल प्राण्याला, तर बंदुकीऐवजी धनुष्य का?

रानवाट

प्रश्न रास्त आहे. बरोबर लागलेला बाण दोन्ही फुप्फुसं भेदतो आणि हरिण सेकंदांत कोसळतं. पण 'बरोबर' व्हायला जवळ जावं लागतं. माझ्यासाठी ते जवळ जाणंच मोलाचं आहे. शिवाय गावांच्या, वस्तीच्या कडेला हरणं फार झाली आहेत आणि तिथे बंदूक चालवणं धोक्याचं असतं. पैशाचंही सांगते. इथे शिकारीच्या बंदुकांवरचा कर १९३७ पासून वन्यजीव संवर्धनासाठी राज्यांना मिळतो. १९७२ मध्येच, तुमचा कायदा झाला त्याच वर्षी, त्यात धनुष्य-बाणही आले. हे सगळं मान्य करूनही कुणाला नको वाटलं तर ते मी समजू शकते.

देवदार (कोलोरॅडो)

माझा एल्कवरचा (एल्क म्हणजे मोठं हरिण) बाण फांदीने खाल्ला. ४० यार्ड, मध्ये अ‍ॅस्पेनची झाडी, पण पीपमधून पाहिलं तर वाट अगदी मोकळी. बाण मध्येच कुठेतरी 'टक्' करून वळला आणि एल्क धडधडत उताराला लागला. जाऊन पाहिलं तर साधारण अर्ध्या वाटेवर, माझ्या नजरेच्या रेषेच्या वर, पेन्सिलीइतकी जाड डहाळी तुटलेली.

बाण नजरेच्या रेषेत जात नाही, कमान करून जातो. ४० यार्डांसाठी सोडलेला बाण २० यार्डांवर नजरेच्या बराच वर असतो. एका जुन्या शिकाऱ्याने यावर सोपी युक्ती दाखवली. धनुष्यावर प्रत्येक अंतरासाठी वेगळी पिन असते. ४० ची पिन जनावरावर ठेवा आणि तशीच धरून २० ची पिन कुठे येते ते बघा. वीसेक यार्डांवरची एखादी फांदी त्या पिनखाली झाकली जात असेल, तर बाण तिथेच आपटणार. मग गुडघ्यावर बसा किंवा बाजूला सरका, तेवढ्याने वाट मोकळी होत असेल तर ठीक, नाहीतर सोडून द्या. घरामागे डहाळी टांगून हे करून बघा, लगेच पटेल.