दिवाळीत घरी कोणता पिच्चर लावाचा?

पुतण्या (पुणे): यंदा दिवाळीले सगळेच गावी आहोत. मित्राचा प्रोजेक्टर आणतो, आंगणातल्या भिंतीवर लावू. पिच्चर सांगा. मारधाडीचे दोन आहेत माझ्याकडे, हिंदी डबिंगवाले.

मोठी काकू: ते नोको बाप्पा. तीन तास नुसती कापाकापी, मंग पोट्टे राती झोपत नाहीत.

काका (राळेगाव): 'शेरनी' लाव. २०२१ चा हाय, विद्या बालन वनाधिकारी हाय त्यात. नावं वेगळी, शूटिंग मध्य प्रदेशातली, पण गोष्ट आपल्या इकडच्या नरभक्षक ठरवलेल्या अवनी वाघिणीवरूनच सुचलेली. गावाच्या चराईच्या जागेवर सागवान लावते वनखातं, मंग ढोरं घेऊन माणसं जंगलात शिरतात अन् वाघाच्या तोंडी जातात. हे जसं दाखवलं तसं म्या दुसऱ्या कोणत्याच पिच्चरमंदी नाही पाह्यलं. २०१८ ले आठवते ना? कापूस वेचाले बाया एकट्या जात नव्हत्या, उन्हं कलली की वावर रिकामं. २ नोव्हेंबरच्या राती बोराटीजवळ तिले गोळी घातली, तवा गावात फटाके फुटले.

पुतण्या: पण काका, त्यात वाघ जास्त दिसतच नाही म्हणतात.

काका: खऱ्यातही कुठं दिसत होता? पायाचे ठसे अन् कॅमेऱ्यातले फोटो, बस. भेव त्याचंच वाटे. ज्याले वाघाची झुंज पाहाची हाय त्यानं हा पाहू नये, त्याले कंटाळा येईन.

वहिनी: मी तं 'गाभ्रीचा पाऊस' म्हणीन. सतीश मनवरचा, २००९ चा. शेजारच्या शेतकऱ्यानं जीव दिल्यावर अलकाच्या मनात धसका बसते. आपल्या नवऱ्यानं तसं काही करू नये म्हणून ती सासूले अन् लहानग्या पोराले त्याच्यावर नजर ठेवाले लावते. पोरगं बापाच्या मागं मागं फिरते, अन् बाप पावसाच्या पायी हैराण. अलका झालेली सोनाली कुलकर्णी रडारड करत नाही, नुसती पाहत राह्यते, तेच मनात बसते. बाकी पिच्चरमंदी शेतकरी म्हणजे फाटका सदरा अन् भाषण. इथं बी-बियाण्याचा हिशोब हाय.

मोठी काकू: चांगला असन. पण सणासुदीले नोको. मामीच्या घरचं सगळ्याइले माहीत हाय.

मामी: माह्यासाठी थांबू नोका. म्या पाह्यला तो, पुरा पाह्यला. आमच्या घरी माणूस गेल्यावर जे आले त्याइनं पह्यले सातबारा कोणाच्या नावचा ते विचारलं, कर्ज बँकेचं का सावकाराचं ते विचारलं. घरची बाई आधी काय पाहत होती, काय समजत होती, हे कोणी नाही विचारलं. त्या पिच्चरमंदी तेच हाय. पोट्ट्याइले दाखवाच. लक्ष्मीपूजनाच्या राती नोको, एवढंच.

ताई (वडसा, गडचिरोली): अन् भाऊबीज झाली की इकडे या सगळे. झाडीपट्टीचा, म्हंजे आपल्या पूर्व विदर्भातल्या नाटकांचा, हंगाम तवाच सुरू होते. मंडईची जत्रा असो की शंकरपट, म्हंजे बैलांची शर्यत, गावात रातभर नाटक. डॉ. परशुराम खुणे याइले २०२३ ले पद्मश्री भेटली ती याच रंगभूमीसाठी. पण सरसकट सगळं पाहू नका. काही मंडळी आता मधे मधे नुसता डान्स घालतात, ते सोडा. घरसंसाराचं कथानक अन् गाणारा नट असन तं पहाटेपर्यंत माणूस उठत नाही. थंडी लय राह्यते, घोंगडं आणा.

पुतण्या: ठरलं मग. धनतेरसले 'शेरनी', पाडव्याले 'गाभ्रीचा पाऊस', अन् भाऊबीजेनंतर वडसा. मारधाडवाले राहू देतो.

काका: लाइनचा भरोसा नाही, इन्व्हर्टर दुपारीच चार्ज करून ठेवतो. जेवणं आठलेच उरका.

मामी: चिवडा म्या आणतो.