मदत हवी आहे: कोल्हापुरात शनिवारची खरेदी, सोबत पावणेदोन वर्षांची लेक

नमस्कार मंडळी,

आम्ही सहा वर्षं जर्मनीत, श्टुटगार्टला राहतो. माझं माहेर मंगळवार पेठेतलं. जानेवारीत तीन आठवडे घरी आलोय आणि खरेदीला मोकळा म्हणून एकच दिवस हाती लागतोय, येता शनिवार. आठवडाभर नवऱ्याचं लॅपटॉपवर काम, रविवारी घरी पाहुणे, मग पुण्याला चुलतबहिणीचं लग्न आणि तिथूनच विमान. लेक पावणेदोन वर्षांची आहे. चालते, पळते, आणि कडेवर घेतलं की खाली उतरायचं म्हणून अंग सोडून देते.

घरचे सगळे म्हणतायत, तिला आजीकडे ठेवून जा. एवढा एक सल्ला कृपया देऊ नका. माझी पहिली कोल्हापुरी चप्पल माझ्या आजोबांनी चप्पल लाईनीतून, म्हणजे चपलांच्या दुकानांच्या ओळीतून, घेतली होती. ती अजून आईच्या कपाटात आहे. माझ्या तळहाताएवढी, अंगठ्याच्या जागी काळी पडलेली, एका पायाचा लाल गोंडा निम्मा झडलेला. परवा आईने ती काढून दाखवली तर लेकीने सरळ पाय घालायला घेतला. तिथं तिला बूट घेतो तेव्हा दुकानात पाय नीट मोजून देतात, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण ही चप्पल तिला घेऊनच, तिच्या पायात घालून बघूनच घ्यायची आहे. आजोबा आता नाहीत. बाबांचे गुडघे दुखतात, तरी ते येणार म्हणतायत.

गेल्या वर्षीचा अनुभव वाईट होता. बाबागाडी घेऊन महाद्वार रोडला गेलो, तेही संध्याकाळी सहाला. दुचाक्या, हातगाड्या, देवदर्शनाची गर्दी, गाडी ना पुढे जाईना ना मागे. लेक तेव्हा दहा महिन्यांची, हॉर्नच्या आवाजाने घाबरून जी रडायला लागली ती गप्पच होईना. डायपर बदलायलाही जागा नव्हती. शेवटी एका साडीच्या दुकानातल्या काकूंनी गादीवरच्या साड्या बाजूला सारल्या आणि म्हणाल्या, "घाल गं तिला हितं." त्या काकूंचे उपकार विसरणार नाही. त्याच संध्याकाळी घाईत दुसऱ्या एका दुकानातून मी स्वतःला चप्पल घेतली. अस्सल चामड्याची म्हणून दिली होती, महिनाभरात तळ उकलला आणि आत पुठ्ठा निघाला. लेकीच्या बाबतीत हे व्हायला नको.

तर मला विचारायचंय ते असं. किती वाजता निघावं आणि कुठून कसं चालत जावं, म्हणजे तिला थोडं स्वतःच्या पायाने चालता येईल? एवढ्या लहान पायाला कोल्हापुरी घालावी का, आणि खरं चामडं ओळखायचं कसं? डायपर बदलायला, दूध पाजायला हिरकणी कक्षासारखं काही त्या भागात आहे का? तिची झोप दुपारी साडेबाराची, ती चुकली तर पुढचा दिवस हातातून जातो.

गळ्यातल्या कोल्हापुरी साजाचं फार नाही. आई आणि मावशी गुजरीत, सराफांच्या पेठेत, आधी जाऊन बघून ठेवणार आहेत, चांदीवर सोन्याचा मुलामा दिलेला. विमानाने येणाऱ्याला युरोपात ४३० युरोपर्यंतची नवी खरेदी बिनशुल्क नेता येते, त्यात तो बसेल. खाण्याच्या वस्तूंचंही बाहेर राहणाऱ्यांसाठी सांगून ठेवते, कारण आमच्याच ओळखीत एकांचे पेढे विमानतळावर काढून घेतले. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ भारतातून युरोपात नेता येत नाहीत. त्यामुळे तूप, पेढे, बासुंदी इथेच खाऊन जायचं. गूळ आणि कांदा-लसूण चटणी मात्र नेणार. चटणीचं तेल बॅगेत उतरू नये म्हणून काय करता, तेही सांगा.

प्रतिसाद

ताई, सकाळी दहाच्या आत बाहेर पडा बघा. गाडी बिंदू चौकातल्या पार्किंगला लावा आणि तिथनं चालत या. बाबागाडी घरीच राहू दे, छातीला बांधायची पिशवी असेल तर ती घ्या. दुकानं उघडता उघडता चप्पल लाईन गाठायची, जुन्या राजवाड्यातल्या भवानी मंडपात पोरीला मोकळं सोडायचं, गुजरीतलं काम उरकायचं आणि साडेअकराला परत फिरायचं. महाद्वार रोड ह्या खेपेला सोडाच. साड्या बघायच्या असतील तर दुपारनंतर राजारामपुरी बरी, रस्ते रुंद आहेत.

तारीख मात्र बघून घ्या. ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी अंबाबाईचा किरणोत्सव असतो. मावळतीची किरणं देवीच्या मूर्तीपर्यंत येतात, त्यामुळं त्या दिवसांत संध्याकाळी देवळाभोवती पाय ठेवायला जागा नसते. सकाळी एवढं जाणवत नाही.

बाबांना मंडपात सावलीला बसवा आणि चप्पल ठरली की बोलवा. सगळीकडं त्यांना फिरवू नका.

प्रतिसाद

आमच्या घरात तीन पिढ्या चपला बनवायचंच काम, सुभाषनगरात. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी कड बघा. तळाचे थर कडेला दिसले पाहिजेत, चामड्यावर चामडं. रंगाचा जाड हात मारून कड झाकलेली असेल तर तो जोड ठेवून द्या. शिलाई चामड्याच्या वादीची असते, खिळा कुठंही नसतो. बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं चामडं पाण्याचा थेंब पिऊन घेतं आणि तिथं डाग गडद होतो, रेक्झिनवर थेंब तसाच उभा राहतो. दुकानदाराला विचारून तळाच्या बाजूला करून बघा, खरा माल असेल तर तो नाही म्हणणार नाही. २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून, पण म्हणून लाईनीतला प्रत्येक जोड हातचा असतो असं नाही. हात लावून, वाकवून बघायचं.

लहान मुलीला एकेरी तळाची घ्या, दोन बोटांत धरून वाकली पाहिजे. कापशीसारखी जाड, जड चप्पल नको. टाचेमागे पट्टा असलेली मागा, नाहीतर पावला-पावलाला निसटते. चपलेच्या बाजूला असतो त्या कानाची आतली कड बोटाने चाचपा, तिथंच चप्पल चावते. खोबरेल तेलाचा हात आतून द्या, दोन दिवस मुरू द्या, मग घरात रोज दहा मिनिटं. पाय लाल दिसला की काढायची. वाढता पाय म्हणून दोन नंबर मोठी घेऊ नका, ठेच लागून पडेल. बोटापुढं करंगळीच्या रुंदीएवढी जागा पुरे.

आणि एक, तुमच्याकडं गुळगुळीत लाकडी जमीन असेल तर नवा चामडी तळ घसरतो. तिथं घालाल तेव्हा हात धरा. पावसात तर अजिबात नको, भिजली की चप्पल संपली. शनिवारी जाण्याआधी पोरीला कागदावर उभी करून दोन्ही पावलांची रेघ मारून घ्या. दुकानात ती पाय धरू देईलच असं नाही.

प्रतिसाद

माझी नात दोन वर्षांची आहे म्हणून लिहिते. हिरकणी कक्ष एसटी स्टँडवर मिळेल, पण देवळापासून तो लांब पडतो. साडीच्या दुकानात विचारायला संकोच करू नको बाळा, गादीवर बसायला कुणी नाही म्हणत नाही. भाऊसिंगजी रोडने पुढं गेलीस की सीपीआर दवाखान्यासमोर टाऊन हॉलची बाग आहे, मोठी जुनी झाडं, निवांत सावली. तिथं तिला खाऊ घाल, मातीत खेळू दे.

संध्याकाळी झोप झाल्यावर गंगावेशीत दूध कट्ट्यावर म्हशी दाखवायला ने. आमची नात तिथून हलत नाही. मोठ्यांनी धारोष्ण दूध प्यायचं ते प्या, पण तिला उकळल्याशिवाय थेंबही देऊ नको.

चटणी डंकावर कुटून आणलीस की तेल न घालता कोरडीच भर, आणि तिकडं गेल्यावर लागेल तेवढ्या चटणीत गरम करून गार केलेलं तेल घाल. जाड पिशवी, त्यावर दुसरी पिशवी आणि मग डबा.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. आज जाऊन आलो.

पावणेदहाला बिंदू चौकात होतो. कागदावरची रेघ फार उपयोगी पडली, कारण लेकीने खरंच पाय धरू दिला नाही. पहिल्या दुकानात कड रंगवलेली होती, निघालो. दुसऱ्या ठिकाणी मी थेंबाचं विचारलं तर तिथले आजोबा स्वतःच तांब्या घेऊन आले. थेंब मुरला. मग नवऱ्याने मंडपातून बाबांना बोलावून आणलं. बाबांनी चप्पल वाकवून बघितली, कानाच्या आत बोट फिरवलं आणि "ही घे" एवढंच म्हणाले. लाल गोंड्याची नव्हती, पिवळ्या गोंड्याची आहे.

टाऊन हॉलच्या बागेपर्यंत जाणं जमलं नाही. सव्वाअकरालाच ती पेंगायला लागली, म्हणून घरी आलो. संध्याकाळी कट्ट्यावर नेणार आहे.

चप्पल अजून पायात घातलेली नाही, तेल मुरायला ठेवलीय. लेक दर थोड्या वेळाने खिडकीपाशी जाते, एक चप्पल उचलते, गोंडा ओढून बघते आणि परत जागेवर ठेवते. आईने कपाटातली जुनीही तिथंच शेजारी आणून ठेवली आहे.