शिबिरासाठी लहान विजेरी कोणती घ्यावी?

प्रेषक: एक पालक, सुदामानगर, इंदूर

स. न. वि. वि.

मंडळाच्या चोरल नदीकाठच्या दोन रात्रींच्या शिबिराला माझी अकरा वर्षांची मुलगी प्रथमच येत आहे. सामानाच्या यादीत ‘लहान टॉर्च’ एवढेच लिहिलेले आहे आणि दुकानात गेल्यावर या दोन शब्दांनी भागत नाही, असे लक्षात आले. एका विजेरीच्या खोक्यावर हजारो ल्यूमेन आणि अर्धा किलोमीटर असे छापलेले होते, दुसरी मोबाइलच्या चार्जरवर चालणारी होती, तर तिसरी साध्या पेन्सिल सेलची आणि सर्वांत स्वस्त होती. गेल्या वर्षी माझा भाचा अशीच मोठ्या आकड्याची विजेरी घेऊन सहलीला गेला होता. ती पिशवीतच दाबली जाऊन चालू राहिली आणि पहिल्या रात्रीच विझली. यादी ज्यांनी केली त्या काकांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रेषक: सहल समितीचे एक सदस्य, लोकमान्यनगर, इंदूर

ताई, सप्रेम नमस्कार.

यादी मी केली होती, तेव्हा उत्तर देणे माझेच काम आहे.

विजेरी निवडताना ती जास्तीत जास्त किती उजेड देते यापेक्षा कमीत कमी किती देते, हे मी आधी पाहतो. विजेरीतून निघणाऱ्या एकूण उजेडाचे माप म्हणजे ल्यूमेन. तंबूत मोजे शोधणे, पाण्याची बाटली हाताशी घेणे, शेजारी झोपलेल्या मुलीला न उठवता बाहेर येणे, ही शिबिरातील बहुतेक कामे हाताच्या अंतरावरची असतात आणि त्यांना ५ ते १० ल्यूमेन पुरतात. पायवाटेने चालायला ५० ते १०० ल्यूमेन हवेत. डोळे अंधाराला पुरते सरावायला २० ते ३० मिनिटे लागतात आणि प्रखर झोत एकदा डोळ्यांवर आला की तो सराव तत्काळ मोडतो. माळव्याच्या ज्या रात्रीची ‘शब-ए-मालवा’ म्हणून वाखाणणी होते, ती रात्र मुलांना दाखवायला आपण त्यांना तेथे नेतो, म्हणून मला याची विशेष काळजी वाटते. एकाच ठरावीक प्रखरतेची विजेरी घेऊ नये. मंद आणि प्रखर असे किमान दोन टप्पे असावेत, आणि बटण दाबताच मंद टप्पा आधी लागत असेल तर उत्तम.

आता खोक्यावरील आकड्यांविषयी. विजेऱ्यांच्या मोजमापासाठी अमेरिकेत २००९ साली ‘एफएल १’ हे मानक ठरले. त्यानुसार झोताचे अंतर म्हणजे जेथे उजेड पाव लक्सपर्यंत (लक्स हे एखाद्या जागी पडणाऱ्या उजेडाचे माप), म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका उतरतो ते अंतर. खोक्यावर १०० मीटर लिहिले असेल, तर तेथे कोजागरीच्या चांदण्याएवढा उजेड पडेल, एवढाच त्याचा अर्थ. तेथे उभा असलेला माणूस ओळखू येईलच असे नाही. शिवाय अंतर दुप्पट करायचे तर झोताची तीव्रता चौपट लागते. तासांचा आकडाही असाच समजून घ्यावा लागतो, कारण उजेड सुरुवातीच्या एक दशांशावर येईपर्यंतचा सगळा वेळ त्यात धरलेला असतो.

हजारो ल्यूमेनचा दावा पडताळण्यासाठी एक सोपे गणित पुरते. पुन्हा चार्ज होणाऱ्या चांगल्या पेन्सिल सेलमध्ये सुमारे २००० मिलिअँपिअर-तास आणि १.२ व्होल्ट, म्हणजे साधारण २.४ वॅट-तास ऊर्जा असते. लहान एलईडी विजेरी एका वॅटमागे ढोबळमानाने १०० ल्यूमेन देते असे धरले, तर १०० ल्यूमेनवर तो सेल दोन-सव्वादोन तास चालेल आणि १० ल्यूमेनवर सबंध रात्र काढूनही शिल्लक उरेल. अशा एका सेलवर हजारो ल्यूमेन लिहिलेले असतील, तर त्या खोक्यावरच्या इतर आकड्यांवरही विश्वास ठेवू नये.

सेलच्या बाबतीत माझे मत स्पष्ट आहे. भिंतीवरच्या घड्याळात घालतो तोच डबल ए, म्हणजे पेन्सिल सेल वापरणारी विजेरी घ्यावी, कारण तो वाटेतल्या गावच्या किराणा दुकानातही मिळतो, तर आत बंद असलेली बॅटरी संपली की तंबूत चार्जर लावायला जागा नसते. एक जादा सेल सोबत असला की दोन रात्रींची चिंता मिटते. परंतु अल्कलाइन सेल शिबिराहून परतल्यावर आत विसरू नये. तो गळला तर पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर येऊन पांढरी पुटे धरतात आणि स्प्रिंग खराब होते. ‘१४५००’ नावाचा लिथियम सेलही दिसायला डबल एएवढाच असतो, पण तो पूर्ण चार्ज असताना ४.२ व्होल्ट देतो. विजेरीवर तशी परवानगी लिहिलेली नसेल, तर तो घातल्याने ती जळू शकते. भाच्याच्या विजेरीसारखे होऊ नये म्हणून प्रवासात सेल काढून वेगळ्या डबीत ठेवणे हाच खात्रीचा उपाय आहे.

विजेरी पाण्यापासून किती सुरक्षित आहे हे खोक्यावरच्या ‘आयपीएक्स’ श्रेणीवरून कळते. दव आणि शिंतोडे यांना आयपीएक्स ४ पुरते. आयपीएक्स ७ असेल, तर विजेरी एक मीटर पाण्यात अर्धा तास पडून राहिली तरी चालते. उजेडाचा रंग निळसर पांढरा नसावा. ४००० केल्विनच्या आसपासच्या उबदार उजेडात वाळलेले गवत, माती आणि पाचोळा वेगवेगळे ओळखू येतात, आणि पाय कोठे ठेवायचा हे कळण्यासाठी तेच महत्त्वाचे आहे.

प्रेषक: स्वयंपाक गटातील एक सदस्य

काका, नमस्कार. तुमचे सगळे पटले, पण हातात धरायच्या विजेरीचाच आग्रह का? डोक्याला बांधायचा दिवा घेतला, तर दोन्ही हात मोकळे राहतात. गेल्या शिबिरात रात्री भाजी चिरताना मी विजेरी मानेत धरून काम केले आहे.

प्रेषक: सहल समितीचे एक सदस्य

तुमच्या गटासाठी डोक्याचाच दिवा योग्य आहे आणि तो तुमच्या यादीत मी आजच घालतो. मुलांसाठी मात्र मी तो सुचवत नाही, कारण ती बोलताना एकमेकांकडे वळून पाहतात आणि झोत थेट समोरच्याच्या डोळ्यांत जातो. हातातील विजेरी ती जमिनीकडे धरायला लवकर शिकतात.

ताई, खरेदीपूर्वी रविवारी मुलीला घेऊन मंडळात यावे. माझ्याकडच्या दोन विजेऱ्या आणतो. एकीचे बटण मागच्या टोकाला आहे आणि दुसरीचे कडेला. दिवे मालवून तिच्या हातात देऊ, कारण मागचे बटण मोठ्यांना सोयीचे वाटले तरी अकरा वर्षांच्या अंगठ्याला ते पुष्कळदा जड जाते.