अनुभव द्या: जुन्या लोखंडी सायकलचा पुढचा ब्रेक

वडिलांची अठ्ठावीस इंची काळी सायकल माळ्यावरून उतरवली आहे. सळईचे ब्रेक. मागचा धरतो, पण पुढचा कितीही आवळा, चाक आपलं मजेत फिरतंय. रबरं नवी टाकली, फरक शून्य. तुमच्या सायकलीत खोट कुठे सापडली ते लिहा. "नवी घे" हा सल्ला घरातच भरपूर मिळतो.

— रबरं रिमच्या आतल्या बाजूला दोन्हीकडे सारखी टेकतात का बघा. माझ्या सायकलीची ट्यूब बदलताना चाक किंचित तिरकं बसलं होतं. एकच रबर घासायचं, दुसरं हवेत! चाक सरळ केलं, सळईचा स्क्रू ढिला करून ती वर ओढली आणि रबर-रिममध्ये दोनतीन मिलिमीटर फट ठेवून आवळलं. अर्ध्या तासाचं काम, त्यातली वीस मिनिटं गंजलेल्या स्क्रूशी.

— माझी वायर-ब्रेकची. चकचकीत व्हावी म्हणून रिम रॉकेलने पुसली, हा माझा पराक्रम. ब्रेक गेलाच, वर चीं चीं आवाज. साबणाच्या पाण्याने दोनदा धुतली, रबरांचा गुळगुळीत थर पॉलिश पेपरने खरवडला, तेव्हा कुठे पकड आली. आणखी एक: रबर ज्या पत्र्याच्या खोबणीत बसतं तिची बंद बाजू पुढे हवी. माझी उलटी होती. उतारावर ब्रेक दाबला आणि रबर निसटून गटारात. चप्पल घासत थांबलो. चप्पलही गेली.

— कोकणातून लिहितोय. क्रोमची रिम ओली झाली की नवं रबरही घसरतं, तिथे दुरुस्ती काय करणार? वळणाच्या बरंच आधी ब्रेक हलका टेकवून पाणी निपटायचं, मग दाबायचा.

— ब्रेक दाबल्यावर हँडल थरथरत असेल तर रबरांच्या मागे लागू नका. पुढचा ब्रेक धरून सायकल मागेपुढे ढकला. हँडलखालच्या वाटीत टकटक लागली तर वाटी ढिली. मी तीन जोड रबरं वाया घालवल्यावर एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी हे दाखवलं. पैसे घेतले नाहीत, हसले मात्र भरपूर.

सगळ्यांचे आभार. आज बघितलं, डावं रबर टेकतच नाहीये. स्क्रूवर तेल सोडून ठेवलंय, रात्रभर मुरू दे.