मदत हवी आहे : नेल्सनच्या कुलचिन्हातले तीन बॉम्बगोळे

‘व्हिक्टरी’ जहाजाच्या मॉडेलखालच्या पाटीवर त्या जहाजावरच्या ब्रिटिश अ‍ॅडमिरल नेल्सनचं कुलचिन्ह (ढालीवरचं घराण्याचं चिन्ह) रंगवतोय. बरंचसं उलगडलंय. ढालीच्या वरच्या पट्टीत समुद्र, मधे ताडासारखं झाड, एका बाजूला मोडकं जहाज, दुसऱ्या बाजूला ढासळलेला तोफांचा बुरूज. हे सगळं १७९८ च्या नाईलच्या लढाईनंतर मिळालेलं. वर तुर्की सुलतानाने दिलेला हिऱ्यांचा शिरपेच आणि ‘सान होसेफ’ या स्पॅनिश जहाजाची मागची बाजू. ते जहाज नेल्सनने १७९७ मध्ये काबीज केलं होतं. एका बाजूला खलाशी, दुसऱ्या बाजूला झेंडा फाडणारा सिंह. (सिंहाने माझी दोन ब्रश खाल्ली.)

रंगांचा प्रश्न नाही. जुन्या कृष्णधवल छापांत ठिपके म्हणजे सोनेरी, उभ्या रेघा म्हणजे लाल, हे माहीत आहे. ढालीची उजवी बाजू धारकाच्या दृष्टीने धरतात, हेही. ‘ट्रॅफल्गर’ (नेल्सन ज्या लढाईत मारला गेला ती) लिहिलेली नागमोडी पट्टी त्याच्या मृत्यूनंतरची, म्हणून ती नको. मला त्याच्या हयातीतलंच रूप हवंय.

अडलंय ते ढालीवरच्या तिरक्या पट्ट्यापाशी. लाल पट्ट्यावर कंगोरेदार सोनेरी पट्टा आणि त्यावर तीन पेटते बॉम्बगोळे. संग्रहालयांच्या चित्रांखालच्या मजकुरात त्यांचं फक्त वर्णन सापडतं, अर्थ नाही. पाटीवर एकाच ओळीची जागा आहे, त्यामुळे अंदाज नको, आधार असलेलं उत्तर हवं. हे गोळे एखाद्या ठराविक लढाईची खूण आहेत, की घराण्याच्या इतर शाखांपासून त्याची ढाल वेगळी दिसावी म्हणून घातलेत?