चिठ्ठीवर नुसतं ‘ऑटोइम्यून स्किन पॅनेल’ लिहिलंय, रक्त कशाकशासाठी घ्यायचं?

संकलन_टेबल
नमस्कार. त्वचारोगाच्या रुग्णांच्या चिठ्ठ्यांवर हल्ली एवढंच लिहून येतं आणि आमच्या यादीत या नावाचं काही नाही. कुठल्या नळीत किती रक्त घ्यायचं? उपाशीपोटी बोलवायचं का? स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर थांबायचं का? सरसकट एएनए (स्वतःच्याच पेशींच्या केंद्रकाविरुद्धच्या अँटीबॉडींची चाचणी) करून ठेवला तर चालेल?

त्वचा_ओपीडी
असं पॅनेल नसतंच. डॉक्टरांना फोन करून पुरळ कसलं आहे ते विचारा, बाकी सगळं त्यावर ठरतं.

अंगावर फोड किंवा तोंडात न भरणारे व्रण असतील तर एएनए वाया जातो. तिथे डेस्मोग्लेइन १ व ३ आणि बीपी १८० व २३० (त्वचेच्या पेशी व थर जोडून धरणारी प्रथिनं) यांच्याविरुद्धच्या अँटीबॉडी मोजणाऱ्या एलायझा चाचण्या लागतात. पेम्फिगस (अशा अँटीबॉडींमुळे फोड येण्याचा आजार) तोंडापुरता असेल तर बहुधा एकटं डेस्मोग्लेइन ३ वाढलेलं दिसतं. त्वचेवर पसरला की १ सुद्धा वाढतं. वयस्कर रुग्ण, असह्य खाज आणि ताठ फोड असतील तर आधी बीपी १८०.

उन्हाने वाढणारं, गालांवरचं किंवा वलयाकार पुरळ असेल, म्हणजे ल्युपसचा (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार) संशय असेल तर एएनए. तो पॉझिटिव्ह आला की डीएसडीएनए, एसएम, रो, ला या नेमक्या अँटीबॉडी. सोबत सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), सी३-सी४ (रक्तातली कॉम्प्लिमेंट प्रथिनं), क्रिएटिनीन आणि लघवीतलं प्रथिन. अपवाद रोचा. एएनए ज्या हेप-२ पेशींवर बघतात त्यांवर ही अँटीबॉडी कधीकधी निसटते, म्हणून संशय दाट असेल तर एएनए निगेटिव्ह असूनही रो करावा.

पापण्यांवर जांभळट लाली आणि बोटांच्या सांध्यांवर चट्टे असतील तर सीके, अल्डोलेज (दोन्ही स्नायूंतली एन्झाइम) आणि मायोसायटिस ब्लॉट (स्नायूदाहाच्या अँटीबॉडींची चाचणी). सीकेचं रक्त ईएमजीच्या (स्नायूत सुई घालून करायची विद्युत तपासणी) आणि स्नायूतल्या इंजेक्शनच्या आधी घ्या, नाहीतर आकडा उगाच चढतो.

कोड, चाई, सोरायसिस यांचं निदान करणारी रक्तचाचणी नाही. कोड आणि चाईत टीएसएच व टीपीओ मागतात ते थायरॉइडही बिघडलंय का हे बघायला.

सिरम_रॅक
नळ्यांचं सांगतो. पिवळ्या झाकणाची जेलवाली, ५ मिली. अँटीबॉडी, सी३-सी४, टीएसएच सगळं त्यात भागतं. सीबीसीला जांभळी ईडीटीए (रक्त गोठू न देणारी). उपाशीपोटी गरज नाही, फक्त खूप तेलकट जेवणावर लगेच घेऊ नका, सिरम दुधाळ येतं.

नळी ५-६ वेळा हलकेच उलटी-सुलटी करून ३० मिनिटं उभी ठेवा, मग सेंट्रिफ्यूजमध्ये १० मिनिटं फिरवा. गोठण्याआधी फिरवली तर फायब्रिनचे धागे सिरममध्ये राहतात, मशिनची सुई कमी सिरम उचलते आणि निकाल खोटा निगेटिव्ह येऊ शकतो. सिरम २ ते ८ अंशांवर ठेवा. आठवड्यापुढे ठेवायचं असेल तर छोट्या कुप्यांत वाटून उणे २० ला, म्हणजे तेच सिरम पुन्हा पुन्हा वितळवावं लागत नाही.

गोळ्या चालू आहेत म्हणून थांबू नका. आयजीजी या अँटीबॉडीचं अर्धायुष्य साधारण ३ आठवडे असतं, चार दिवसांच्या स्टिरॉइडने ते नाहीसं होत नाही. औषध, डोस आणि सुरू केल्याची तारीख फॉर्मवर लिहा म्हणजे झालं. आयव्हीआयजी (शिरेतून दिल्या जाणाऱ्या अँटीबॉडी) देणार असतील तर मात्र रक्त त्याआधीच हवं, कारण बाटलीतून दात्यांच्या अँटीबॉडी येतात आणि नंतर कुणाच्या मोजतोय ते कळत नाही.

आणि बायोटिन (बी७ जीवनसत्त्व) जरूर विचारा! चाईचे रुग्ण केसांसाठी ते हटकून घेत असतात. काही मशिनवर त्याने टीएसएच खोटा कमी येतो. निदान २ दिवस बंद हवं.

संकलन_टेबल
आभार. एएनए १:८० स्पेकल्ड (ठिपकेदार) आला की ‘ल्युपस झाला का’ म्हणून रुग्ण काउंटरवरच विचारतात. शिवाय काही रिपोर्टवर टायटर (सिरम किती पट पातळ करूनही अँटीबॉडी दिसते ते, जसं १:८०) नसतो, नुसता आकडा असतो.

त्वचा_ओपीडी
१:८० निरोगी माणसांतही साधारण दहात एकाला सापडतो. ल्युपसच्या २०१९ च्या वर्गीकरण निकषांत १:८० ही आत शिरायची अट आहे. त्यानंतर लक्षणांचे आणि बाकी चाचण्यांचे गुण मोजतात. उलट, डिस्कॉइड ल्युपसमध्ये (त्वचेवर गोल चट्टे येणारा प्रकार) एएनए बऱ्याचदा निगेटिव्ह असतो. नुसता आकडा असेल तर ती बहुधा एलायझा. इम्युनोफ्लुरोसन्सच्या (अँटीबॉडी चमकवून सूक्ष्मदर्शकाखाली बघण्याची पद्धत) टायटरशी त्याची तुलना करू नका. आणि दर तीन महिन्यांनी एएनए मागणाऱ्यांना माझा विरोध आहे. ल्युपसची चढउतार डीएसडीएनए आणि सी३-सी४ वर बघतात.

हिस्टो_ब्लॉक
वरच्या फोडांच्या मुद्द्यात भर: तिथे एलायझा जोडीला, मुख्य आधार बायोप्सीचा. नुसती खाज असलेल्या वयस्कर माणसांतही बीपी १८० थोडा वाढलेला सापडतो. तुकडे दोन लागतात. एक ताज्या फोडाच्या कडेचा, फॉर्मॅलिनमध्ये. दुसरा फोडाजवळच्या, साधारण १ सेंमीच्या आतल्या, फोड न आलेल्या त्वचेचा, डायरेक्ट इम्युनोफ्लुरोसन्ससाठी, मिशेल्स मीडियममध्ये (असा तुकडा न बिघडवता नेण्याचं द्रावण). हा दुसराही फॉर्मॅलिनमध्ये टाकला तर कामातून गेला, बायोप्सी पुन्हा करावी लागते. बाटल्यांवर आधीच लेबल लावून द्या.

कोपर-गुडघ्यांवर खाजऱ्या बारीक फोडांचे पुंजके असतील तर टीटीजी आयजीए (ग्लुटेनच्या त्रासात वाढणारी अँटीबॉडी) आणि एकूण आयजीए, दोन्ही एकदम. एकूण आयजीएच कमी असेल तर टीटीजी फसवतो. रुग्णाने ग्लुटेन आधीच बंद केलं असेल तरी तो निगेटिव्ह येऊ शकतो, तेवढं विचारून फॉर्मवर टाका.

संकलन_टेबल
मिशेल्स मीडियम संपलेलं असेल तर?

हिस्टो_ब्लॉक
नॉर्मल सलाइन चालतं, पण तुकडा २४ तासांच्या आत आमच्याकडे पोहोचायला हवा. पाठवण्याआधी फोन करा.